मेज कुणाचं?

पाळक गावाला गेलेले असताना, मध्यरात्री, मरणाला टेकलेल्या बाईला तिच्या शेजारणीनं प्रभुभोजन द्यावं का? प्रश्न एका रात्रीचा आहे. पण त्याला हात घातला की ख्रिस्ती मंडळीतलं फार जुनं भांडण बाहेर येतं. देवाच्या वतीनं द्यायचा, नाकारायचा, बोलायचा अधिकार कुणाला, आणि त्याला तो दिला कुणी?

खालचा संवाद मी रचला आहे. त्यातली आत्या आणि तिचा भाचा तुम्हाला कुठल्याही पत्त्यावर सापडणार नाहीत. दोघं दाखले देतात ते मात्र खरे आहेत. जागा अहिल्यानगर, म्हणजे तिथल्या माणसांच्या तोंडी अजून नुसतं नगर. आत्या मिशनच्या दवाखान्यातली निवृत्त नर्स, पंचाहत्तरी ओलांडलेली. भाचा सेमिनरीत शिकून, बिशपांच्या हातून दीक्षा घेऊन नुकताच पाळक झालेला. म्हातारी बंडखोर आणि तरुण शिस्तीचा, हा उलटा जोड मी मुद्दाम केलेला नाही. आजकाल देवळांमध्ये तो असाच पाहायला मिळतो.

भाचा : आत्या, पास्टोरेट कमिटीत तुझं नाव निघालं. तू मावशींना प्रभुभोजन दिलंस म्हणे.

आत्या : दिलं. काळ्या मनुका भिजवल्या, कुस्करल्या, पाणी गाळून घेतलं. पाव नव्हता घरात, चपाती होती.

भाचा : चपातीबद्दल कुणाची तक्रार नाही गं.

आत्या : नसणारच. चपाती बेखमीर. तुम्ही बेकरीचा पाव मोडता त्याला खमीर असतं.

भाचा : विषय बदलू नकोस. मला फोन करायचा होतास.

आत्या : केला. तू डायोसिसच्या मीटिंगला, फोन बंद. रात्रीचा दीड वाजलेला. श्वास कसा चाललाय यावरून किती वेळ उरलाय ते मला कळतं, त्यासाठी कमिटी लागत नाही. तिनं विचारलं, पाळक आले का? मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, तू दे.

भाचा : प्रार्थना करायची होतीस. स्तोत्र वाचायचं, हात धरून बसायचं. त्यात देव नव्हता? तूच सांगत असतेस की देव चुलीपाशी असतो, बेडपॅन धुताना असतो. मग त्या रात्री त्याला प्याल्याची गरज का पडली?

आत्या : हा प्रश्न चांगला विचारलास. गरज देवाला नव्हती, तिला होती. देव सगळीकडे आहे हे धडधाकट माणसाला पुरतं. जाणाऱ्याला काहीतरी जिभेवर लागतं. ती आयुष्यभर त्या मेजापाशी गेली, ते मेज तिला शेवटी हवं होतं.

भाचा : म्हणजे मेज लागतं हे तुलाही कबूल. आणि मेज आलं की ते मांडायचं कुणी, वाढायचं कुणी, हे ठरवावं लागणार.

आत्या : माझ्याबरोबर वसईची एक कॅथलिक नर्स होती. बाळ जगणार नाही असं दिसलं आणि आईबापांची इच्छा असली, की ती कापसानं कपाळावर पाणी सोडायची आणि बाप्तिस्मा द्यायची. फादरची वाट बघायची नाही. तिच्या चर्चनंच सांगून ठेवलं होतं, म्हणे, अशा वेळी कुणीही द्यावा. पोप मानणाऱ्यांना जे चालतं ते तुला चालत नाही?

भाचा : बाप्तिस्म्याला चालतं. मिस्सा अर्पण करायला त्यांच्याकडेही धर्मगुरूच लागतो, हे तुझ्या मैत्रिणीनं सांगितलं नाही का? कारण बाप्तिस्मा एका जिवाचा असतो, भोजन मंडळीचं. करिंथमध्ये काय झालं ते आठव. श्रीमंत लवकर यायचे आणि खाऊनपिऊन घ्यायचे, मजूर उशिरा पोहोचायचे आणि उपाशी राहायचे. तेव्हा पौलानं पत्रातून दरडावलं. तो अधिकारानं बोलला, आणि बोलला तो उपाशी राहणाऱ्यांच्या बाजूनं. प्रत्येकानं आपापल्या घरी चपाती मोडली असती, तर करिंथच्या त्या मजुरांना कुणी विचारलं असतं?

आत्या : हं.

भाचा : करिंथ लांब वाटत असेल तर नगरचंच घे. इथे अमेरिकन मिशन आलं १८३१ साली. ब्राह्मण घरातल्या हरिपंत खिस्तींचा बाप्तिस्मा १८३९चा. ते ज्या मेजापाशी आले तिथे महारही होते. ते एकत्र बसणं माणसांच्या चांगुलपणातून आलं नाही, मिशननं अट घातली म्हणून आलं. इथे बसायचं नसेल तर मंडळीत येऊ नका! अधिकार म्हणजे तेच. घरोघर भोजनं झाली असती तर प्रत्येक जातीनं आपला वेगळा येशू ठेवला असता.

इथे मी भाच्याच्या बाजूनं आहे. आपल्याकडे घर म्हणजे जातीचा शेवटचा किल्ला. घरातल्या श्रद्धेचं आपण फार कौतुक करतो, पण त्या घरात पाणी कुणाला कुठल्या भांड्यातून मिळत होतं तेही पाहावं लागतं. संतांनी जात्यावर आणि मळ्यात देव पाहिला हे खरं. जनाबाईंची आणि सावता माळ्यांची आठवण मराठी ख्रिस्ती माणसालाही आपलीच वाटते. पण पंढरपूरच्या देवळाचा दरवाजा दलितांना उघडा व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. मळ्यात देव भेटला म्हणून दरवाजा आपोआप उघडत नसतो.

आत्याला हे माहीत नसेल असं नाही. तिचं उत्तर मात्र मला अपेक्षित नव्हतं.

आत्या : मेजापाशी बसवलं, मान्य. मेजावरून उठल्यावर काय झालं? लग्न जमवताना आपली मंडळी अजून काय विचारते? मूळचे कोण, हेच ना? तुझ्या अधिकाराचा हुकूम देवळाच्या पायरीपर्यंत चालला. पायरी उतरल्यावर जात तिथेच उभी होती, चपला घालून. घरात देवाला आणायचं काम कुठल्या बिशपनं केलं सांग.

भाचा : बिशपांवर तुझा राग जुना आहे.

आत्या : जुना कसला? माझ्या लहानपणी आपल्या मंडळीत बिशपच नव्हते. मंडळी जमायची आणि आपला पाळक आपण निवडायची. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, अनेक पंथ एकत्र आले, आणि आपल्याला बिशप मिळाले. मी नोकरीला लागलेली होते तेव्हा. एका सकाळी उठले तर देव एक पायरी वर सरकलेला.

भाचा : आणि त्याच चर्चमध्ये आज बायकांना पाळकाची दीक्षा मिळते. तुझ्या निवडणाऱ्या मंडळीनं तेव्हा किती बायका निवडल्या?

आत्या : एकही नाही. पुढे बोल.

भाचा : तू पुढे बोल. आता पंडिता रमाबाई येणार, मला माहीत आहे.

आत्या : येणारच. इंग्लंडात वाँटेजला, २९ सप्टेंबर १८८३ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा गेलेला, कडेवर लहान मनोरमा, परका देश, नन्सच्या मठाचा आसरा. अशा बाईनं मान खाली घालून राहावं, नाही का? पण तिथल्या सिस्टर जेराल्डिनबरोबरची त्यांची पत्रं वाच. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खात नाही म्हणून सिस्टरची तक्रार, की हा जातीचा गर्व आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नको, असं रमाबाईंनी विचारलं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या पुरुषांना संस्कृत शिकवणार असं निघालं, तर हिंदुस्थानातल्या बिशपांना ते पटेना. रमाबाईंनी कळवलं की माझ्या बापाला, माझ्या नवऱ्याला ज्यात वावगं दिसलं नाही ते तुम्हाला का दिसावं? आणि पुरोहितांचं एक जोखड फेकून आलेय, दुसऱ्या पुरोहितांचं मानेवर घ्यायला नाही, हेही स्पष्ट सांगितलं. बाप्तिस्म्याला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा.

भाचा : आणि त्याच रमाबाईंनी पुढे लिहिलं की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता. तो त्यांना भेटला साधारण १८९१च्या सुमारास.

आत्या : भेटला ना? कुणी भेटवला? बिशपांनी?

भाचा : एका इंग्रज पाद्र्याच्या आत्मचरित्रानं. हॅस्लमच्या. तो दीक्षा घेतलेलाच होता.

आत्या : पुस्तकाला दीक्षा नसते रे.

(या ठिकाणी दोघं हसले असतील असं मला वाटतं. रमाबाईंवर वाद घालणारे लोक शेवटी रमाबाईंवर खूश असतात, बाजू कुठलीही असो.)

भाचा : बरं, आता माझं ऐक. तुझ्या बंडखोर रमाबाई केडगावला येतात. १८९६-९७चा दुष्काळ. मध्य प्रांतातून उपाशी मुली, विधवा गोळा करून आणतात. १९००च्या सुमारास त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये जवळजवळ दोन हजार जीव. सगळा कारभार कुणाच्या शब्दावर? त्यांच्या. शाळा त्यांची, शेत त्यांचं, छापखाना त्यांचा, प्रार्थनेची वेळ त्यांनी ठरवलेली. बिशपांना जुमानलं नाही ती बाई स्वतः बिशपांपेक्षा मोठी झाली. तिच्यावर कोण होतं?

आत्या : देव होता.

भाचा : सगळे तेच म्हणतात. तोच तर धोका आहे! पुण्यात त्यांचं शारदा सदन असताना प्रार्थनेच्या खोलीचं दार उघडं ठेवण्यावरून केवढं वादळ झालं? १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुलींना आमच्या माघारी धर्मांतर शिकवलं जातंय, हा त्यांचा आक्षेप. तो खरा की खोटा यावर मी बोलत नाही. पण प्रश्न विचारणारं कुणीतरी होतं. केडगावला तेही उरलं नाही.

आत्या : तुला रमाबाईंची भीती वाटते की काय?

भाचा : रमाबाईंची नाही, त्यांच्यानंतर येणाऱ्याची. त्या चांगल्या निघाल्या म्हणून निभावलं. आज एक माणूस हॉल भाड्यानं घेतो, कीबोर्डवाला आणतो, स्वतःला प्रेषित म्हणवून घेतो. दशांश गोळा करतो, औषध सोडा सांगतो. त्याला कुणी नेमलेलं नसतं, म्हणून त्याला काढताही येत नाही. माझ्याबद्दल तू बिशपांकडे तक्रार करू शकतेस. माझी बदली होईल, चौकशी होईल. त्याची कुणाकडे करशील?

आत्या : औषध सोडायला लावणाऱ्याची मी पोलिसांकडे करीन. पण तुझं म्हणणं कळलं.

नर्स म्हणून आत्याला ते जास्तच कळत असणार. इन्सुलिन बंद करून प्रार्थनेला बसवलेला पेशंट दवाखान्यात कुठल्या अवस्थेत पोहोचतो, ते पाळकापेक्षा नर्सला आधी दिसतं. अधिकाराला विरोध करणारे बहुतेक लेखक इथे गप्प बसतात. नको असलेला अधिकारी गेला की त्या खुर्चीत कुणीच बसणार नाही अशी त्यांची समजूत असते. खुर्ची रिकामी राहत नाही.

आत्या : पण १९०५चं काय करशील? जूनमध्ये मुक्तीत मुलींवर आत्मा उतरला म्हणतात. रडणं, पापं कबूल करणं, रात्ररात्र प्रार्थना. कुठल्या सिनडनं परवानगी दिली होती? दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरी. त्यांच्यातल्या एका पोरीच्या अंगावर रात्री अग्नी दिसला, तर शेजारी झोपलेली पोर काय करते? पाण्याची बादली आणायला धावते.

भाचा : ही गोष्ट पुस्तकांत आहे. बादली ओतायची वेळ आली नाही, म्हणतात.

आत्या : सगळे त्या अग्नीबद्दल लिहितात. मला ती बादलीवाली आवडते. मैत्रीण जळतेय असं वाटलं, पाणी आणायला पळाली. आत्म्याचा अग्नी आहे की चिमणीचा भडका, हे तपासत बसली नाही. मी त्या रात्री तेच केलं.

भाचा : तिथे मिशनरी मिनी अब्राम्स होत्या. त्यांनी या अग्नीवर पुस्तिका लिहिली, ती चिलीमध्ये वालपराइसोच्या मेथडिस्ट पाद्र्याच्या घरी पोहोचली. १९०९मध्ये तिथेही तसंच घडलं आणि वर्षभरात त्या लोकांना आपलं चर्च सोडून वेगळं व्हावं लागलं. केडगावची ठिणगी आणि दक्षिण अमेरिकेत मंडळी फुटली. तू याला आशीर्वाद म्हणशील.

आत्या : त्या चिलीतल्या लोकांना कुणी विचारलं का, की फूट पडली याचं दुःख आहे का? आणि रेव्हरंड टिळकांना काय म्हणशील? दीक्षा घेतलेले पाळक होते तुझ्यासारखे. १९१७ साली मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला गेले, ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्यात जागा.

भाचा : आणि दोन वर्षांत, १९१९ला, ते गेले. दरबार मागे टिकला नाही. मिशनची मंडळी टिकली, तू तिच्यातच बसतेस. आत्या, टिकवायचं असेल तर कुणीतरी रजिस्टर लिहावं लागतं, छपराची डागडुजी करावी लागते. टिळकांचे अभंग आपण ज्या छपराखाली गातो ते मिशननं घातलेलं आहे.

टिळकांवर आत्या फार बोलली नाही, मीही तिला बोलायला लावत नाही. दरबाराचं अपयश खरं आहे. अभंग टिकले हेही खरं, पण त्यासाठी ना मिशनची सही लागली ना दरबाराची.

आत्या : तुला एक विचारते. प्रभू उठल्यानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी काय करत होता?

भाचा : योहान एकवीस. निखारे पेटवलेले, त्यावर मासळी, बाजूला भाकरी. शिष्यांना म्हणाला, या, न्याहारी करा.

आत्या : मरणाला हरवून आलेला माणूस. यरुशलेमेत जाऊन याजकांपुढे उभा राहिला असता तर सगळा निकाल तिथेच लागला असता. तो मासे भाजत बसला. रात्रभर जाळी टाकून दमलेल्यांना भूक लागली असेल हे त्याच्या लक्षात होतं. आणि देव रोजच्या कामात असतो म्हटलं की तुम्ही त्याला बायकांची भाबडी भक्ती समजता.

भाचा : मी नाही समजत. पण तोच अध्याय पुढे वाच ना. न्याहारी झाल्यावर काय झालं? पेत्राला बाजूला घेतलं आणि तीनदा सांगितलं, माझी मेंढरं सांभाळ. अधिकार दिला, नाव घेऊन, एका माणसाला. तुझा निखारा आणि माझा अधिकार एकाच पानावर आहेत.

आत्या : आहेत. पण क्रम बघ. आधी वाढलं, मग नेमलं. आणि नेमलं कशासाठी? चारायला. कोण चारतंय याची चौकशी करायला नेमलं असं त्यात नाही.

भाचा : लांडगा आला तर चौकशीच करावी लागते.

आत्या : मी लांडगा आहे का?

भाचा : तू नाहीस. पण नियम तुझ्यापुरता करता येत नाही.

आत्या : मग मी काय सांगते ते कमिटीच्या मिनिट्समध्ये लिहून घे. मावशी अंथरुणाला खिळली त्या दिवसापासून मी तिची कूस बदलली, पाठीच्या जखमा धुतल्या, चादरी उकळल्या. तिची सून कामावर जायची, मुलगा दारूत. तेव्हा तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही की आत्या, तू हे कुठल्या अधिकारानं करतेस. त्यात देव आहे की नाही याचा ठराव कुणी मांडला नाही. चमचाभर मनुकांचं पाणी पाजलं आणि अधिकार आठवला.

भाचा : …

आत्या : बोल.

भाचा : मंदिरात प्रभूलाही हेच विचारलं होतं. कुठल्या अधिकारानं हे करतोस?

आत्या : काय उत्तर दिलं त्यानं?

भाचा : उलटा प्रश्न विचारला, योहानाचा बाप्तिस्मा स्वर्गातला की माणसांचा? त्यांना उत्तर देता येईना, म्हणून त्यानंही दिलं नाही.

आत्या : मग मीही देत नाही.

भाचा : तू देऊ नकोस, पण मला बुधवारी कमिटीत द्यावं लागेल. ऐक. कॅथलिकांमध्ये १९७३पासून एक सोय आहे. रविवारी वेदीवर अर्पण झालेला प्रसाद नेमलेले साधे लोक, बायकासुद्धा, आजाऱ्यांच्या घरी नेऊन देतात. वसईत बघ, सर्रास दिसतं. आपण तसं करू. मेज मंडळीचंच राहील, पोहोचवेल दुसरं कुणी. तू अर्ज दे, मी मांडतो.

आत्या : रात्री दीडला कुणी मरायला लागलं तर?

भाचा : आधीच घरी ठेवलेलं असेल, नेमलेल्या माणसाकडे. म्हणून तर नेमायचं.

आत्या : दिलेल्या चपातीबद्दल माफी मागणार नाही.

भाचा : अर्जात माफीचा रकाना नाही.

आत्या : पाच नावं देते. माझं त्यात नको, मी आता किती वर्षं जिने चढणार. पण त्यातली एक धुणीभांडी करते. तिला वाचता येत नाही. कमिटी ऐकेल?

भाचा : वाचता येत नाही तर वचनं कशी म्हणेल?

आत्या : तिला पाठ आहेत. कागद तुला लागतो.

भाचा : अवघड जाईल, आत्या. बुधवारी सहाला मीटिंग आहे, आणि तुला बोलावलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आत्या : बोलवायला कशाला पाहिजे? कमिटीचा चहा दर वेळी मीच करते.